कोंड्याची हकीकत

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहाचा, म्हणजे ज्यात मधुमेहही मोडतो त्या विकारांचा, जो अध्याय आहे, त्यात रोग्याच्या पथ्याचा मुख्य आधार म्हणून ज्या एका धान्याची शिफारस पुनःपुन्हा केलेली आढळते, ते धान्य म्हणजे यव, अर्थात आपले जव. यवाचा भात, यवाचे सत्तू, यवाचे अपूप असे नाना प्रकार तेथे सांगितले आहेत. इतकेच नव्हे, तर गाढव, घोडा, गाय इत्यादी प्राण्यांना यव खाऊ घालून त्यांच्या विष्ठेतून अखंड निघालेले दाणे धुऊन वापरावेत, अशी आजच्या वाचकास शहारे आणणारी तजवीजही टीकाकारांनी त्यातून काढली आहे. रोगाच्या कारणांत बसून राहण्याचे सुख, निद्रेचे सुख, दही, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ यांची गणना आहे. सुश्रुताने तर निर्धन रोग्यास पादत्राण व छत्री यांवाचून शंभर योजने चालावयास लावले आहे, धनिकास श्यामाक-नीवारांसारख्या तृणधान्यांवर राहावयास सांगितले आहे आणि कोणास विहीर खणण्याचीही आज्ञा केली आहे. यवात बीटा-ग्लुकॅन नावाचा एक चिकट तंतू असतो, आणि जेवणातील ३० ग्रॅम उपलब्ध कर्बोदकामागे तो ४ ग्रॅम असल्यास जेवणानंतरची रक्तशर्करा कमी चढते, हे युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०११ साली मान्य केले. यावरून प्राचीनांना सर्व काही ठाऊक होते असा जयघोष करण्याचे मात्र प्रयोजन नाही. त्यांनी रोग्यांकडे नीट पाहिले होते, एवढेच त्यातून सिद्ध होते, आणि तेवढेही थोडे नाही.

महाराष्ट्रात यवाचे स्थान यज्ञापुरते आणि पथ्यापुरते राहिले. रयतेचे पोट भरले ते ज्वारी, बाजरी आणि नाचणी यांनी. हे धान्य जात्यावर दळले जाई. पहाटे दोघी जणींनी समोरासमोर बसून एका खुंट्याला हात घालावा, मुठीमुठीने दाणे वैरावेत आणि घरातील माणसे उठेपर्यंत त्या दिवसापुरते पीठ काढावे, हा शिरस्ता इतका सार्वत्रिक होता की त्यातून निर्माण झालेल्या ओव्यांचा संग्रह करावयास गी पॉयटेविन आणि हेमा राइरकर यांच्यासारखे अभ्यासक पुण्यातून निघाले तेव्हा त्यांच्या दप्तरात एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. या ओव्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. पिठावर मात्र कोणी फारसे लिहिले नाही. जात्याचे पीठ कधीच एकसारखे नसे. तळीला टाकी लावून फार दिवस झाले असले की ते निराळे पडे, टकाऱ्याने नुकतीच लावली असली की निराळे पडे. शिवाय सगळेच दाणे पिठापर्यंत पोचवावयाचे असत असेही नाही. कण्यांसाठी ज्वारी नुसती भरडावयाची, सांज्यासाठी गहू रवाळ काढावयाचा, भाकरीसाठी तेवढा हात जास्त फिरवावयाचा. कोंडा चाळला जाई, पण त्याचीही विल्हेवाट घरातच लागे. कोंड्याचा मांडा करणाऱ्या गृहिणीची आपल्या भाषेने जी तारीफ केली आहे ती उगाच नव्हे. कोकणात आणि गोव्यात उखळ-मुसळाने कांडलेले हातसडीचे तांदूळ आणि उकडा तांदूळ यांचा अंमल होता. हे सारे दारिद्र्यातून आणि दुसरा उपाय नसल्यामुळे होत होते, आरोग्याच्या विचाराने नव्हे. आणि दळणाऱ्या बाईच्या खांद्यांनी त्याची जी किंमत मोजली ती जमेस न धरता जात्याचे गोडवे गाणे हा पुरुषांचा जुना छंद आहे.

धान्यापासून कोंडा कायमचा विभक्त करण्याचे कार्य ज्याने केले, तो रुळांचा कारखाना युरोपच्या मध्यभागी उदयास आला. हंगेरीचा गहू कठीण जातीचा. दगडाखाली तो सापडला की कोंड्याचा चुरा होऊन पिठात मिसळे आणि पीठ काळसर पडे. बुडापेस्टच्या गिरणीवाल्यांनी दगडाऐवजी लोखंडी रुळांच्या जोड्या एकामागून एक मांडल्या, धान्य एकदम न चिरडता पायरीपायरीने फोडले, आणि प्रत्येक पायरीला चाळणीने कोंडा व अंकुर वेगळा काढला. गांत्स कारखान्याच्या आंद्राश मेखवार्टने कठीण ओतीव लोखंडाच्या रुळांची यंत्रे १८७४ च्या सुमारास बाजारात आणल्यावर ही रीत झपाट्याने पसरली. अमेरिकेत मिनियापोलिस हे पिठाचे महानगर झाले, आणि १८७८ च्या मे महिन्यात तेथील वॉशबर्न गिरणीत हवेत उडालेल्या पिठाचा स्फोट होऊन १८ माणसे मेली तरी या रीतीची घोडदौड थांबली नाही. इंग्लंडात मँचेस्टरच्या हेन्री सायमनने तशीच यंत्रे उभी केली. गव्हाच्या दाण्यात कोंडा सुमारे सातवा हिस्सा आणि अंकुर दोन-तीन टक्के. बाकीचा सारा पिष्टाचा गर. अंकुरातील तेल हवेने खवट होते. ते काढून टाकलेले पीठ महिनोन्महिने टिकते, जहाजातून समुद्र ओलांडते, सैन्याच्या कोठारात पडून राहते. पांढऱ्या पावाचा पुरातन मान एका बाजूला आणि व्यापाऱ्याच्या बारदानाची सोय दुसऱ्या बाजूला, असे दोन्हीकडून बळ मिळाल्यावर कोंड्याची रवानगी गुरांच्या गव्हाणीत झाली यात नवल नाही.

विरोधाचे सूर उठले नाहीत असे नाही. अमेरिकेत सिल्व्हेस्टर ग्रॅहमने १८३७ मध्येच सबंध गव्हाच्या पावाची कैफियत ग्रंथरूपाने मांडली होती. लंडनमध्ये टॉमस अ‍ॅलिन्सन हा डॉक्टर त्याच पावाचा इतका कैवारी निघाला की वैद्यकातील रूढ मतांशी त्याचे बिनसून १८९२ साली त्याचे नाव डॉक्टरांच्या नोंदवहीतून खोडण्यात आले. जावा बेटावरील बटेव्हियात ख्रिस्तियान आइकमन या डच वैद्याने सडून पांढऱ्या केलेल्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्या लुळ्या पडतात आणि तुसाखालचा कोंडा दिल्यावर सावरतात हे दाखविले. पण त्यातून पुढे निघाले ते जीवनसत्त्व. आणि जीवनसत्त्वाच्या शोधाने कोंड्याचे नुकसानच झाले असे मला वाटते, कारण आता त्यातील अर्क काढून गोळी करता येईल, मग उरलेला भुस्सा कशाला हवा, अशी समजूत सुशिक्षितांत रूढ झाली. वर्ध्याला १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने, विशेषतः जे. सी. कुमारप्पा यांनी, हातसडीचे तांदूळ आणि जात्याचे पीठ यांची बाजू मांडली ती मुख्यतः गावातील बायकांच्या रोजगारासाठी आणि जीवनसत्त्वांसाठी. महात्मा गांधी ‘हरिजन’मध्ये याच विषयावर लिहीत. स्वतंत्र भारत सरकारने १९५८ मध्ये भाताच्या गिरण्यांवर परवान्याचे नियंत्रण घालणारा कायदा केला, त्यात या चळवळीचा वाटा होता. परंतु कायद्याचा हुकूम एका बाजूला आणि गिऱ्हाइकाची पांढऱ्या भाताची हौस दुसऱ्या बाजूला अशी गाठ पडली की काय होते, हे भातगिरण्यांच्या पुढील भरभराटीने सांगितलेच आहे.

कोंडा आणि रक्तशर्करा यांचा संबंध जोडला गेला तो आफ्रिकेत आणि समुद्रावर. टॉमस क्लीव्ह हा ब्रिटिश आरमाराचा शल्यवैद्य दुसऱ्या महायुद्धात ‘किंग जॉर्ज पंचम’ या युद्धनौकेवर होता. खलाशांच्या बद्धकोष्ठावर त्याने गव्हाचा कोंडा दिला आणि तेव्हापासून साखर व मैदा हेच आधुनिक रोगांचे मूळ, हा विचार त्याच्या डोक्यातून गेला नाही. त्याला डर्बनचा डॉ. जॉर्ज कॅम्पबेल हा जोडीदार मिळाला. १८६० पासून उसाच्या मळ्यांवर मजुरीसाठी आफ्रिकेतील नाताळ वसाहतीत गेलेल्या हिंदी लोकांचे वंशज कॅम्पबेलच्या रुग्णालयात मधुमेह घेऊन येत, आणि मायदेशातील त्यांच्या भाईबंदांच्या मानाने हे प्रमाण त्याला फार मोठे दिसले. दोघांचा ग्रंथ १९६६ मध्ये निघाला. त्या सुमारास युगांडात दीर्घकाळ काम करून परतलेला आयरिश शल्यवैद्य डेनिस बर्किट, ज्याच्या नावाने लहान मुलांचा एक कर्करोग आधीच ओळखला जात होता, क्लीव्हच्या प्रतिपादनाने भारला गेला. कंपालाच्या मुलागो रुग्णालयात त्याच्याबरोबर वावरलेल्या ह्यू ट्रॉवेलने केनिया-युगांडातील तीस वर्षांच्या अनुभवावर १९६० सालीच एक ग्रंथ लिहिला होता. ज्या लोकांचे अन्न जाडेभरडे, त्यांच्यात मधुमेह, स्थूलता आणि हृदयविकार विरळा, हे या दोघांनी पाहिले होते. क्लीव्हचा आरोप साखरेवर होता; ट्रॉवेलने १९७० नंतर तो उलट बाजूने मांडला, की दोष अन्नात काय भरले त्यापेक्षा त्यातून काय काढून घेतले याचा आहे.

ट्रॉवेलचा आवडता पुरावा युद्धकाळातला होता. जहाजांतली जागा वाचावी म्हणून ब्रिटिश सरकारने १९४२ मध्ये गव्हाच्या शंभर भागांतून ८५ भाग पीठ काढण्याची सक्ती केली. पाव करडा झाला, लोक कुरकुरले, आणि त्या वर्षांत इंग्लंड व वेल्समधील स्त्रियांत मधुमेहाने होणारे मृत्यू घटले. ट्रॉवेलने याचे श्रेय तंतूंना दिले. पण त्याच मृत्युपत्रकांकडे पाहून हॅरॉल्ड हिम्सवर्थसारख्या जाणत्याने श्रेय दिले होते ते लोण्या-चरबीच्या टंचाईला, तर क्लीव्हने साखरेच्या शिध्याला. एकाच वेळी लोणी कमी, साखर कमी, मांस कमी, पाव जाडा आणि पेट्रोलअभावी पायपीट अधिक, अशा काळातून एकच कारण उपसून काढणे म्हणजे इतिहासाकडून प्रयोगशाळेचे काम करून घेणे होय. तरीही या वादातून प्रयोगशाळा जागी झाली, हे ट्रॉवेलच्या पदरी घातलेच पाहिजे.

तिथे एक नवाच प्रकार उघडकीस आला. डेव्हिड जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळे तंतू साखरेच्या पाण्याबरोबर देऊन पाहिले, तेव्हा गव्हाच्या कोंड्याने रक्तशर्करेत फारसा फरक पडेना; फरक पाडला तो गवारीच्या बियांच्या डिंकाने, ज्या गवारीच्या कोवळ्या शेंगा आपण भाजीला घेतो. त्यांच्या १९७८ च्या निबंधाचा निष्कर्ष असा, की महत्त्व आहे ते चिकटपणाला: पोटात जो तंतू दाट लापशी बनवितो तो अन्नाची पुढची वाट मंद करतो आणि आतड्याच्या भिंतीपर्यंत शर्करा पोचण्यास विलंब लावतो. कोंड्याचा उपयोग मोठ्या आतड्याला. तेथील जीवाणू तंतूंचा काही भाग आंबवितात आणि त्यातून निघणारी लघुशृंखल मेदाम्ले रक्तात जातात, पण ती गोष्ट सावकाशीची. जेन्किन्स यांनी टोरोंटोहून १९८१ मध्ये ‘ग्लायसेमिक इंडेक्स’चे, म्हणजे कोणत्या अन्नाने रक्तशर्करा किती चढते याचे, कोष्टक मांडले, त्यात गव्हाच्या सबंध पिठाचा पाव आणि मैद्याचा पाव जवळजवळ शेजारीच बसले. कोंड्याच्या कैवाऱ्यांना ही फजितीच होती.

तिचा उलगडा १९८८ साली झाला. जेन्किन्स यांनीच पिठाऐवजी सबंध किंवा नुसते फोडलेले गव्हाचे दाणे घालून पाव भाजविले, आणि दाण्यांचे प्रमाण जसे वाढले तशी शर्करेची चढण उतरली. ब्रिस्टलच्या केनेथ हीटन यांनी गहू आणि मका अखंड, भरडून, जाडसर दळून आणि बारीक दळून खाऊ घातला, तर इन्शुलिनचा प्रतिसाद पायरीपायरीने वाढत गेला. ओटच्या बाबतीत मात्र तसे घडले नाही. दाण्यातील पिष्ट पेशींच्या भिंतींत बंदिस्त असते. भिंत शाबूत असेपर्यंत पाचक रसांना आत शिरकाव कठीण, आणि बारीक दळणाने भिंती फुटल्यावर कोंडा पिठातच असला तरी त्याचा पहारा उठलेला असतो. दीडशे वर्षे जो वाद कोंडा ठेवावा की काढावा एवढ्यावरच चालला, त्यात दळण किती बारीक हा प्रश्न फारसा कोणी गंभीरपणे विचारला नव्हता. तो प्रश्न कण्या, भरडा आणि सांजा करणाऱ्या स्वयंपाकघराला नवा नव्हता. पण त्या स्वयंपाकघराची साक्ष कोणी नोंदवून घेतली नाही.

त्याच १९८८ साली जेरल्ड रीव्हन यांनी अमेरिकेत दिलेल्या व्याख्यानात ‘सिंड्रोम एक्स’ असे नाव देऊन उच्च रक्तदाब, बिघडलेली रक्तशर्करा आणि रक्तातील मेदाचा असमतोल या एकत्र येणाऱ्या विकारांचे मूळ इन्शुलिनला शरीराने दाद न देण्यात आहे, असे प्रतिपादन केले. पुढे त्यात कमरेचा घेर सामील होऊन मेटाबॉलिक सिंड्रोम हे नाव रूढ झाले, आणि पाचांपैकी तीन लक्षणे असली की निदान करावे असा नियम ठरला. दक्षिण आशियातील पुरुषांसाठी घेराची मर्यादा ९० सेंटीमीटर, स्त्रियांसाठी ८०. आपल्या लोकांसाठी ही मर्यादा खाली का आणावी लागली, याचे विदारक स्पष्टीकरण पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामात आहे. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून त्यांनी मातांचा अभ्यास केला. तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडातील बाळांचे ३.५, आणि तरीही आपल्या बाळाच्या किरकोळ देहात स्नायूंच्या मानाने चरबी राखून ठेवलेली. अशा माणसाचे स्वादुपिंड आधीच ओव्हरटाइम करीत असते. वेगाने चढणारी शर्करा त्याला अधिक भारी पडते, आणि म्हणूनच सावकाश पचणाऱ्या धान्याचा लाभ त्याला निरोग्यापेक्षा अधिक. सबंध धान्य खाणाऱ्यांत मधुमेह कमी, हे मोठ्या पाहण्यांत वारंवार दिसले आहे. प्रत्यक्ष प्रयोगांत मात्र कधी लाभ दिसतो, कधी दिसत नाही, आणि ते धान्य कोणते व कसे दळले हे पाहिल्यावाचून त्या विसंगतीचा अर्थ लागत नाही.

इकडे महाराष्ट्रात ज्वारीचे राज्य हळूहळू संपुष्टात येत होते. पी. एल. ४८० या अमेरिकन कायद्याखालच्या कराराने तिकडचा गहू आला. १९७२ च्या दुष्काळात मिलो नावाची लाल ज्वारी आली आणि दुष्काळी कामांवर सुकडी वाटली गेली. शिधापत्रिकेच्या दुकानात गहू व तांदूळ हेच कायमचे मानकरी ठरले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या कोष्टकाप्रमाणे शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू आहेत, मैद्यात ३ ग्रॅमही नाहीत. पण आजच्या विजेच्या चक्कीतून ती ज्वारी पावडरीसारखी बारीक निघते, कारण भाकरी थापताना चिरता कामा नये असा गिऱ्हाइकाचा आग्रह असतो. मोठ्या गिरण्यांत तर रुळांनी वेगळा काढलेला कोंडा बारीक करून पुन्हा मापून पिठात मिसळण्याची आणि त्या पिशवीवर सबंध गव्हाचे पीठ असे छापण्याची रीत आहे. तंतूंचा आकडा त्यामुळे कोष्टकाबरहुकूम भरतो.