कलमाचं कूळ

पावसाच्या तोंडावर रत्नागिरी आणि लांज्याकडच्या रोपवाटिकांत रायवळ आंब्याच्या कोयी पेरल्या जातात. पंधरा-वीस दिवसांत तांबूस पानांची कोवळी रोपं वर येतात. कलम बांधणारा रोपाचा शेंडा उडवतो, खोडाला मधोमध उभा काप देतो, हापूसची तीन-चार महिने वयाची काडी पाचरीसारखी तासून त्या कापात बसवतो आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळतो. हे कोय कलम. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ही पद्धत घरोघर पोचवण्याआधी भेट कलम चालायचं. त्यात रायवळचं रोप कुंडीसकट हापूसच्या झाडापाशी न्यायचं, दोघांची साल तासून फांदी रोपाला बांधायची आणि सांधा जुळला की फांदी मूळ झाडापासून सोडवायची. पद्धत कोणतीही असो, खालचं मूळ रायवळचं आणि वरचा विस्तार हापूसचा.

एवढी खटपट करावी लागते, कारण हापूसच्या कोयीतून हापूस येत नाही. त्याच्या कोयीत परागीभवनातून झालेला एकच गर्भ असतो आणि त्याचं रोप आईवर जाईलच असं नाही. म्हणून पालघरपासून वेंगुर्ल्यापर्यंत उभं असलेलं प्रत्येक हापूसचं झाड कधीकाळच्या मूळ झाडाचाच तुकडा आहे. या कुळात पिढ्या नाहीत, एकच झाड ठिकठिकाणी पुन्हा पुन्हा रुजवलेलं आहे.

कलमाची विद्या भारताला परकी नव्हती. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत एका झाडाची फांदी दुसऱ्यावर कशी बसवावी ते सांगितलं आहे. पण आंब्यावर ही विद्या पद्धतशीर चालवून एकेका झाडाची जात टिकवण्याचं काम गोव्यात पोर्तुगीज अमलाखाली झालं. १५१० मध्ये त्यांनी गोवा घेतलं, १५४२ मध्ये जेझुइट पाद्री तिथे पोचले आणि त्यांच्या बागांत आंब्याची कलमं होऊ लागली. हापूसला अफोंसो द अल्बुकर्कचं नाव मिळालं असं आपण सगळेच सांगतो, पण अल्बुकर्क १५१५ मध्येच वारला. त्याहून पटणारा धागा निकोलाव मनुची या व्हेनिसच्या प्रवाशाने ठेवला आहे. जयसिंगाच्या छावणीत शिवाजी महाराजांना भेटल्याचं लिहिणारा हाच मनुची. गोव्याच्या उत्तम आंब्यांची नावं देताना तो निकुलाव अफोंसो नावाच्या आंब्याचा उल्लेख करतो. कुणा बागवाल्याचं नाव त्याच्या झाडाला चिकटलं असावं, असं मला वाटतं. विजेत्या सेनापतीपेक्षा झाड राखणाऱ्या माणसाच्या नावाने आंबा ओळखला जावा, हे मला जास्त आवडतं.

गोव्याहून कलमं किनाऱ्याने वर सरकली आणि देवगड-रत्नागिरीच्या जांभ्या दगडावर, खाऱ्या वाऱ्यात त्यांना असा काही सूर गवसला की मूळ गाव मागे पडलं. या जमिनीत भात आणि नाचणी-वरी सोडून फार काही पिकत नव्हतं. घरटी एक तरी माणूस मुंबईच्या गिरणीत आणि गावचं घर त्याच्या मनीऑर्डरीवर, हे कोकणाचं जुनं अर्थशास्त्र होतं. आंब्याने ते बदललं. १९९० च्या सुमारास राज्य सरकारने रोजगार हमीशी जोडून फळबाग लागवडीची योजना आणली, तेव्हा ओसाड वरकसावरही कलमं उभी राहिली. काढणी, प्रतवारी, कॅनिंगचे कारखाने, वाहतूक यांतून हंगामाचे दोन-तीन महिने गावात रोख पैसा फिरू लागला. बाग राखायला नेपाळहून माणसं आली. मुंबईला गेल्याशिवाय कोकणात पोट भरता येतं, हे या झाडाने दाखवलं. जगाच्या बाजाराला नावं ठेवताना ही गोष्ट विसरणं मला अन्यायाचं वाटतं.

मग बाजाराने अटी घातल्या. अमेरिकेचा दरवाजा १९८९ पासून बंद होता. तो २००७ मध्ये उघडला, तोही लासलगावच्या केंद्रात विकिरण करूनच. त्याच्या बदल्यात अमेरिकी हार्ले-डेव्हिडसन मोटरसायकलींना भारतात वाट मिळाली. जपानला बाष्पाची उष्ण प्रक्रिया हवी होती. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने फळमाशीच्या कारणाने भारतीय आंबा रोखला. ऐन हंगामात पेट्या मुंबईच्या बाजारात उलटल्या. २०१५ च्या आरंभी बंदी उठली. या सगळ्यात बागायतदार शिकलाही. देठासकट फळ उतरवणारा नूतन झेला, फळमाशीसाठी रक्षक सापळा ही दापोलीची साधी साधनं बागेत आली. झोडपून आंबा पाडणं कमी झालं आणि डिंकाने डागाळलेली फळंही.

पण किंमत मोजली ती जमिनीने. दर चांगला तेव्हा प्रत्येकाला हापूसच हवा. सड्यावरचा कातळ सुरुंगाने फोडून, खड्ड्यात बाहेरची माती भरून कलमं लावली गेली. हा कातळ ओसाड दिसतो, पण पावसाळ्यात त्याच्यावर जी इवली फुलं उमलतात त्यांतल्या काही वनस्पती जगात दुसरीकडे नाहीत. उक्षी, देवाचे गोठणे, कशेळी, बारसू इथली कातळशिल्पंही याच सड्यांवर कोरलेली आहेत. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. सुरुंगाला त्यातलं काही वाचता येत नाही.

एकाच झाडाचे तुकडे सगळीकडे, म्हणजे दुबळेपणाही सगळीकडे एकच. एकाच वेळी मोहोर, एकाच अवकाळी पावसात गळ, एकाच तुडतुड्याला आणि फुलकिड्याला आमंत्रण. मग फवारणीवर फवारणी. वर्षाआड फळणाऱ्या झाडाला दरवर्षी फळायला लावण्यासाठी पॅक्लोब्युट्राझॉल आलं. बागेत सगळे त्याला कल्टार म्हणतात. ते झाडाच्या वाढीचं संप्रेरक अडवतं आणि ताकद मोहोराकडे वळवतं. विद्यापीठाने मात्रा ठरवून दिली आहे, पण दोन-चार वर्षांच्या कराराने बाग घेणारा झाडाच्या पुढच्या पन्नास वर्षांचा विचार कशाला करील?

आता कुळाची फांदी आणखी लांब गेली आहे. कोकणातून नेलेल्या काड्यांपासून आफ्रिकेतल्या मलावीत हापूसच्या बागा झाल्या, आणि तिथला उन्हाळा आपल्या हिवाळ्यात येत असल्याने नोव्हेंबर-डिसेंबरात वाशीच्या बाजारात मलावी हापूस उतरतो. २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यामुळे या आयातीबद्दल बागायतदार चिडतात. त्यांची चीड मला समजते. पण गोव्याहून आलेल्या काडीवर आपण उभे राहिलो, तर आपल्याकडून गेलेल्या काडीवर मलावीचा शेतकरी उभा राहिला, याचा मी राग करू शकत नाही. मानांकनाने नाव जपावं, झाड कुणाला अडवू नये.

माझी काळजी वेगळी आहे आणि ती कलमाच्या खालच्या अर्ध्या भागाची आहे. रायवळला बाजारात दर नाही. लोणचं, साठं, चोखून खायचे बिटके एवढ्यापुरता तो घरात राहिला. वर्षानुवर्षं त्याचीच झाडं तोडून हापूसच्या पेट्यांना फळ्या पुरवल्या. पेट्या पुठ्ठ्याच्या झाल्या, तर मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात रस्त्याकडेचे जुने वृक्ष गेले. प्रत्येक रायवळ कोयीतून उगवलेला, म्हणून प्रत्येक वेगळा: कुणी लवकर मोहरतो, कुणी उशिरा, कुणी कीड सोसतो. कुळातलं सगळं वैविध्य तिथे साठलेलं आहे. दाट हापूसच्या बागेला स्वतःच्याच परागाने नीट फळ धरत नाही, म्हणून दापोलीचं विद्यापीठ बागेत दहा टक्के दुसऱ्या जाती लावायला सांगतं. तो पराग वाहतात माश्या आणि मधमाश्या. मोहोरावरच्या विषाने त्याच आधी मरतात.

लागवडीला अनुदान मिळतं ते कलमाला. बांधावर, घाटीत, देवराईच्या कडेला उभ्या असलेल्या जुन्या रायवळची गावोगाव नोंद व्हावी, तो राखणाऱ्या घराला वर्षाला काही रक्कम मिळावी आणि रोपवाटिकांनी कोय कुठल्या झाडाची ते लिहून ठेवावं. ग्रामपंचायत, विद्यापीठ आणि बागायतदार संघ एकत्र बसले तर पुढच्या कोयी पेरण्याआधी हे काम सुरू होऊ शकतं.