रात्रीच्या झडतीची कुळकथा

चिकलठाण्याहून औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) शहराकडे निघालं की जालना रोडवर विमानतळ लागतो, कारखान्यांच्या भिंती लागतात, मग शोरूम आणि उड्डाणपूल, आणि पुढे सेंट फ्रान्सिस शाळा. रिक्षावाल्याला ‘सेंट फ्रान्सिस’ एवढं सांगितलं की पुरतं. तो फ्रान्सिस कोण, हे विचारलंच तर कुणी पक्ष्यांशी बोलणाऱ्या असिसीच्या संताचं नाव घेईल, कुणी गोव्याच्या झेवियरचं. हा तिसराच. फ्रान्सिस डी सेल्स (१५६७–१६२२), आल्प्सच्या कुशीतल्या सव्हॉय प्रांतातला बिशप. शहरातल्या कॅथेड्रललाही त्याचंच नाव आहे. झोपण्यापूर्वी दिवसाची झडती घ्यायची आणि ती देवासमोर मांडायची, ही जी रीत कॅथलिक फादर-सिस्टरांनी मराठवाड्यात आणली, तिचं कूळ शोधायला लागलं की वाट याच्या दारावरून जाते.

रीत मात्र त्याच्याहून बरीच जुनी, ख्रिस्ती धर्माच्याही बाहेरची. पहिल्या शतकातला रोमन तत्त्ववेत्ता सेनेका क्रोधावरच्या ग्रंथात सांगतो की दिवा गेला, बायको गप्प झाली, की मी माझा सगळा दिवस तपासतो, स्वतःपासून काही लपवत नाही. हा धडा त्याने सेक्स्टियस नावाच्या तत्त्वज्ञाकडून घेतला होता. शेवटी तो स्वतःला तंबी देतो आणि यावेळेपुरती माफीही देऊन टाकतो. आरोपी तोच, न्यायाधीशही तोच! ख्रिस्ती परंपरेने इथेच बदल केला. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलं होतं की प्रभूच्या भोजनाला बसण्याआधी प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करावी. म्हणजे तपासणारा माणूसच, पण ऐकणारा दुसरा. त्यामुळे सेनेकाची ती तपासणी इथे प्रार्थना झाली.

मठांमधून ही प्रार्थना हजारएक वर्षं चालली. तिला ठाशीव रूप दिलं ते एका लंगड्या सैनिकाने. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने इग्नेशियस लोयोलाचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्याचं मन फिरलं, आणि १५२२मध्ये तो मान्रेसा या गावी जाऊन तप करू लागला. पुढे १५४८ साली छापलेल्या ‘आध्यात्मिक साधना’ या त्याच्या छोट्या पुस्तकात दोन तपासण्या आहेत. एक एका विशिष्ट दोषाची. सकाळी उठताना निश्चय करायचा, दुपारच्या जेवणानंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर मोजायचं. त्यासाठी त्याने चक्क तक्ता आखून दिला आहे. आठवड्याच्या सात दिवसांच्या ओळी, रोजच्या दोन, आणि दिवसागणिक आखूड होत जाणाऱ्या. दोष घडला की त्याच क्षणी हात छातीवर ठेवावा. चारचौघांतही ते कुणाच्या ध्यानात येत नाही, असंही तो सांगतो. सैनिकाची शिस्त अशी!

दुसरी तपासणी सगळ्या दिवसाची, पाच पायऱ्यांची. पापांची यादी तिसऱ्या पायरीवर येते. पहिली पायरी मिळालेल्या कृपेबद्दल आभार मानण्याची. दुसरी, स्वतःला ओळखण्यासाठी उजेड मागण्याची. मग तासातासाने दिवस उलगडायचा, क्षमा मागायची, उद्याचा निश्चय करायचा. आधी आभार कशासाठी? याचं उत्तर त्या पुस्तकात शोधण्यापेक्षा मान्रेसात शोधावं. तिथे इग्नेशियसला आपण पापं पुरती सांगितली की नाही या शंकेने पछाडलं होतं. त्याआधी माँसेरातच्या मठात त्याने तीन दिवस खपून, लिहून काढून सगळ्या आयुष्याचं पापनिवेदन केलं होतं. तरी काहीतरी राहिलंच असं वाटत राहिलं. पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूने अखेर सांगितलं, अगदी स्पष्ट आठवेल तेवढंच सांग. पण याला सगळंच अगदी स्पष्ट आठवत होतं! खोलीतल्या भगदाडातून उडी टाकावी इथवर विचार गेला. आत्मपरीक्षण माणसाला खाऊ शकतं, हे त्याने अंगावर सोसलेलं होतं. आभारांची पायरी मला त्या जखमेवरची पट्टी वाटते.

आपल्याकडे याच काळातली एक गोष्ट आहे, ती इथल्या पोराटोरांनाही पाठ आहे. देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या सेवेत असलेल्या एकनाथांना हिशेबात एका पैची चूक सापडेना. ते रात्रभर जागले आणि सापडल्यावर आनंदाने टाळी वाजवली. एका पैसाठी एवढा आनंद, तर संसारातली चूक सापडली तर केवढा होईल, असं स्वामी म्हणाले. दौलताबादचा तो किल्ला आणि चिकलठाणा एकाच शहराच्या दोन बाजूंना. या गोष्टीतला शेवट आनंदाचा आहे, हे महत्त्वाचं. इग्नेशियसचा तक्ता वापरणाऱ्यांच्या हाती मात्र पुढे पुष्कळदा नुसत्या रेघाच उरल्या आणि आभार गळाले.

ते परत आणण्याचं श्रेय मी फ्रान्सिसला देतो. तो पॅरिसला इग्नेशियसने काढलेल्या येशूसंघाच्या क्लेरमाँ कॉलेजात शिकला, म्हणजे त्याच्याच घराण्यात वाढला. १५८६च्या सुमारास, विशीच्या उंबरठ्यावर, आपण नरकातच जाणार या खात्रीने त्याची झोप-भूक गेली. काही आठवड्यांनी एका चर्चमध्ये मरियेच्या मूर्तीपुढे गुडघे टेकून त्याने ठरवलं, की पुढच्या जगात देवावर प्रेम करता येणार नसेल तर निदान या जगात तरी करीन. आणि ते ओझं उतरलं. अशी होरपळ सोसलेल्या माणसाने पुढे मार्गदर्शक व्हावं, हे बरंच झालं. नात्यातल्या एका संसारी बाईला, मादाम द शार्म्वाझीला, त्याने उपदेशाची टिपणं लिहून दिली होती. ती वाचून येशूसंघाच्याच एका फादरने छापायचा आग्रह धरला आणि १६०९ साली ‘भक्तिमय जीवनाची ओळख’ हे पुस्तक झालं. मठाबाहेरच्यांसाठी, नोकरी-संसार असलेल्यांसाठी लिहिलेलं.

त्यात रात्रीची तपासणी अर्ध्या पानाची आहे. दिवस सुखरूप गेला म्हणून आभार. मग कुठे होतो, कुणाबरोबर, काय काम केलं, एवढं आठवायचं. चांगलं घडलं असेल तर त्याचेही आभार, वाईट घडलं असेल तर क्षमा. तक्ता नाही, रेघा नाहीत. आणि पुढच्या भागात स्वतःशी सौम्य वागण्यावर एक प्रकरणच आहे. काही लोक रागावतात, मग आपण रागावलो म्हणून रागावतात. हा दुसरा राग पहिल्याला मारतो असं वाटतं, पण तो नव्या रागाला वाट मोकळी करून देतो, असं त्याचं निदान.

तिथून जालना रोडपर्यंतचा प्रवास भराभर सांगता येतो. १८३८ साली पिएर-मारी मेर्मिए यांनी आनेसीला, फ्रान्सिसच्याच गावी, त्याच्या नावाचा मिशनरी संघ काढला. १८४५मध्ये त्याची पहिली तुकडी भारताकडे निघाली आणि पुढल्या वर्षी विशाखापट्टणमला उतरली. त्यांच्याच कार्यक्षेत्रातून १८८७ साली नागपूरचा धर्मप्रांत झाला, त्यातून १९५५ साली अमरावतीचा, आणि अमरावतीतून १९७७ साली औरंगाबादचा.

पण या रस्त्यावर दुसरीही भावकी आहे, आणि ती संख्येने लहान नाही. चिकलठाण्यावरून हाच रस्ता पुढे जालन्याला जातो. तिथे स्कॉटिश मिशनचे नारायण शेषाद्री यांनी सालारजंगांकडून मिळालेल्या जमिनीवर बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं. औरंगाबादेत चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्ह. रतनजी नवरोजी, मूळचे पारशी, खेड्यापाड्यांतून फिरत होते. प्रॉटेस्टंट देवळांत पापनिवेदनाची खोली नाही. तपासणी व्हायची ती प्रभुभोजनाच्या आधी, आणि घरच्या प्रार्थनेत.

या भावकीत तपासणी कुठवर खोल गेली याचं मला सर्वांत लख्ख वाटणारं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला झाला. आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळालेला नाही. १९०७ साली लिहिलेल्या साक्षीत त्यांनी हे स्वच्छ मांडलं आहे. इग्नेशियसच्या तक्त्यात हे कुठे बसणार? इथे दोष घडलेला नाही, आज्ञा मोडलेली नाही, सगळं रीतसर आहे. उणीव आहे ती मुळातच. पुढे १९०५च्या जानेवारीत केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी प्रार्थनेचे गट सुरू केले आणि जूनअखेर मुलींनी रडत, मोठ्याने आपली पापं कबूल केली. त्या गदारोळाची चर्चा पुष्कळ होते. मला त्याआधीची ती एकटीची ओळख जास्त मोलाची वाटते.

अक्षरओळख नसलेल्या पहिल्या ख्रिस्ती पिढीच्या हाती वही-तक्ता देऊन उपयोग नव्हता. तिच्याकडे भजन होतं. देवापुढे स्वतःला उणं म्हणण्याची भाषा तुकोबांनी मराठीला आधीच घडवून दिली होती. कृ. र. सांगळ्यांनी आणि १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी ती ख्रिस्ती गीतांत ओतली; तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं टिळक सांगत. पेटी-ढोलकीवर, झांजांच्या ठेक्यात एकमुखाने ‘मी’ म्हणून गाताना जी नम्रता येते ती वहीत येत नाही. पण भजनात सोयही आहे. सगळे मिळून पापी म्हटलं की आज सकाळी शेजाऱ्याला मी नेमकं काय बोललो, हे आठवायची गरज उरत नाही. त्यासाठी फ्रान्सिसचं ते अर्धं पान लागतंच.

चिकलठाण्याच्या एमआयडीसीत दुसरी पाळी करून रात्री उशिरा घरी येणारा माणूस विचारील, हे करायचं कधी? मादाम द शार्म्वाझीलाही संसार होता. पुस्तकाच्या पाचव्या भागात फ्रान्सिसने वर्षातून एकदा करायची मोठी झडती दिली आहे: देवाशी, स्वतःशी, शेजाऱ्याशी आणि आपल्या मनोविकारांशी आपलं कसं चाललंय, याची. ती एका बैठकीत करू नये, तुकड्यातुकड्यांनी करावी, फार तर तीन दिवस आणि दोन रात्री घ्याव्यात, असं तो म्हणतो. एकांत मिळालाच पाहिजे असंही नाही. चालता चालता केली तरी चालेल. अंथरुणात पडूनही चालेल, फक्त डोळा लागता कामा नये.