बर्लिनहून वर्ध्याला

बी.एड.ला 'वर्धा शिक्षण योजना' हा प्रश्न हमखास येतो. उत्तरात गांधीजी, तकली, मातृभाषा, स्वावलंबन लिहिले की गुण मिळतात. समितीचे अध्यक्ष म्हणून डॉ. झाकीर हुसेन यांचे नाव एका ओळीत येते. हे गृहस्थ बर्लिनहून अर्थशास्त्राची डॉक्टरेट घेऊन आले होते, हे मला शिक्षक झाल्यावर खूप उशिरा कळले.

1920 साली असहकाराच्या हाकेला ओ देऊन त्यांनी अलीगढचे कॉलेज सोडले आणि नव्या जामिया मिल्लियाच्या उभारणीत उतरले. पुढच्या शिक्षणासाठी त्यांनी विलायत न निवडता जर्मनी निवडली. तो महायुद्ध हरलेला देश होता. नोव्हेंबर 1923 मध्ये तिथे एका डॉलरला 4.2 लाख कोटी मार्क मोजावे लागत होते! बर्लिन विद्यापीठात वर्नर सोम्बार्ट यांच्याकडे त्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानातील शेतीव्यवस्थेवर प्रबंध लिहिला. 1926 मध्ये पदवी मिळाली.

पण खरे शिक्षण वर्गाबाहेरही चालले होते. बर्लिनमध्ये इराणी मंडळींचा काविआनी छापखाना होता. तिथे झाकीरसाहेबांनी स्वतः खिळे जुळवून 'दीवान-ए-गालिब'ची छोटेखानी, देखणी आवृत्ती काढली. पीएच.डी.चा विद्यार्थी कंपोझिटरचे काम करतो, हे आपल्याकडे आजही कुणाला पटणार नाही. (आपल्या घरात मुलाने हातात पाना घेतला की अब्बांचा चेहरा उतरतो.) म्युनिकचे शिक्षणतज्ज्ञ केर्शेनस्टायनर यांच्या 'कामाच्या शाळे'ची कल्पनाही त्यांच्या मनात तेव्हाच रुजली. हाताने केलेले प्रत्येक काम म्हणजे शिक्षण नव्हे. ज्यात मूल आधी विचार करते आणि नंतर आपली चूक स्वतः तपासते, तेच शिक्षण, असे त्या विचाराचे सार.

तिकडे जामिया पैशाअभावी बंद पडण्याच्या बेतात होती. झाकीर हुसेन, आबिद हुसेन आणि मुहम्मद मुजीब या तिघा मित्रांनी आयुष्य तिथे घालवायचे ठरवले आणि 1926 मध्ये ते परतले. झाकीरसाहेब कुलगुरू झाले तेव्हा अवघे 29 वर्षांचे होते. पुढे जामियाच्या शिक्षकांनी वीस वर्षे सेवा करण्याची आणि महिना दीडशे रुपयांहून जास्त पगार न घेण्याची शपथ घेतली. ठरलेला पगारही वेळेवर मिळेल याची खात्री नव्हती.

ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला गांधीजींनी शिक्षण परिषद बोलावली. मुलांच्या उद्योगातून शाळेचा खर्च निघावा, असा त्यांचा आग्रह होता. झाकीरसाहेबांनी त्यांच्यासमोरच शंका मांडली: कमाईवर जास्त भर दिला तर शिक्षक मुलांना राबवून घेणारा मुकादम होईल. तरीही अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्षपद त्यांनाच मिळाले. शंका घेणाऱ्याच्या हाती काम सोपवणे, हा मला गांधीजींचा मोठेपणा वाटतो. मुस्लिम लीगने मात्र या योजनेला कडाडून विरोध केला, आणि झाकीरसाहेबांना आपल्याच लोकांचे बोल ऐकावे लागले.

बर्लिनमधली आणखी एक ओळख जामियापर्यंत पोहोचली. गेर्डा फिलिप्सबॉर्न या जर्मन ज्यू बाई तिथे या तिघांच्या मैत्रीण होत्या. हिटलर सत्तेवर येण्याच्या सुमारास त्या दिल्लीला आल्या आणि जामियातल्या लहान मुलांना शिकवू लागल्या. मुले त्यांना 'आपाजान' म्हणत. 1943 मध्ये त्या वारल्या. त्यांची कबर जामियाच्याच कब्रस्तानात आहे.