जांभा

जांभा : उष्ण व भरपूर पावसाच्या प्रदेशात मूळ खडकाचा दीर्घकाळ रासायनिक अपक्षय होऊन, म्हणजे त्यातील खनिजे पाण्याच्या क्रियेने विघटित होऊन, मागे उरणारा तांबूस व सच्छिद्र खडक. मलबारातील अशा खडकाचे वर्णन करून फ्रान्सिस बुकॅनन यांनी १८०७ मध्ये त्यास ‘लॅटेराइट’ हे नाव दिले.

सह्याद्रीच्या माथ्यावरील जांभा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनलेल्या बेसाल्टवर, म्हणजे काळ्या कातळावर, तयार झाला. गोव्यात मात्र त्याखाली बहुधा याहून फार प्राचीन खडक आढळतात. या रूपांतरात सजीवांचा वाटा मोठा असून तो पुष्कळदा दुर्लक्षिला जातो. मुळे व सूक्ष्मजीव यांच्या श्वसनातून जमिनीत साठणारा कार्बन डायऑक्साइड मुरणाऱ्या पाण्यात विरघळून सौम्य आम्ल बनते आणि ते फेल्स्पारसारख्या खनिजांतील कॅल्शियम, सोडियम इत्यादी घटक धुऊन नेते, तेव्हा केओलिनाइट ही पांढरी चिकणमाती उरते. पुढे सिलिकाही निघून गेली की ॲल्युमिनियमचे हायड्रॉक्साइड शिल्लक राहते, आणि त्याचे प्रमाण पुरेसे वाढले की त्या खडकास बॉक्साइट म्हणतात. लोह ऑक्सिजनशी संयोग पावून हेमॅटाइट व गोएथाइट या लोहखनिजांच्या रूपाने साकळते, आणि पावसाळ्यात चढणाऱ्या व उन्हाळ्यात उतरणाऱ्या भूजलामुळे हे साकळणे वर्षानुवर्षे चालू राहते. खाणीच्या उभ्या छेदात खालचा कातळ, त्यावरील चिकणमाती आणि माथ्याचा जांभा हे थर एकमेकांत इतके मिसळत जातात की त्यांच्यामध्ये नेमकी रेषा आखता येत नाही.

ओला असताना जांभा सहज कापला जातो व हवेत सुकल्यावर कठीण होतो. कोकणातील चिऱ्यांची, म्हणजे जांभ्याच्या कापीव ठोकळ्यांची, घरे या गुणावर उभी आहेत.

पोषक द्रव्ये धुऊन गेल्याने जांभ्याच्या सड्यावरील, म्हणजे सपाट खडकाळ माथ्यावरील, माती पातळ व निकस असते, परंतु त्यास ओसाड मानणे चुकीचे आहे. साताऱ्याजवळील कासच्या जांभ्याच्या पठारावर नायट्रोजनाची उणीव दवबिंदू व सीतेची आसवे यांसारख्या वनस्पती कीटक पचवून भरून काढतात, तर वायतुरा पावसाळी डबक्यांत फुलतो. सच्छिद्र जांभ्यातून मुरलेले पाणी खालच्या चिकणमातीवर अडून उतारावर झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते, त्यामुळे माथ्यावरील थर खोदून काढल्यास पायथ्याच्या वस्तीचे पाणीही धोक्यात येते.