‘घन’ आणि ‘घनता’ : बर्फाविषयीचा एक जुना वाद

मराठीत ‘घन’ हा शब्द दोन अर्थांनी वावरतो. जे वाहत नाही ते घन, हा एक अर्थ; जे विरळ नाही ते घन, हा दुसरा. बर्फाच्या ठायी हे दोन अर्थ एकमेकांस सोडून जातात. बर्फ घन आहे, परंतु त्याची घनता पाण्याहून कमी आहे. हा घोटाळा केवळ आपल्या भाषेपुरता नाही. युरोपच्या विज्ञानेतिहासातील एक गाजलेला वाद अशाच गृहीतातून उद्भवला.

१६११ च्या उन्हाळ्यात फ्लॉरेन्स येथील विद्वानांच्या बैठकीत शीतत्वाच्या गुणधर्माचा विषय निघाला. शीत पदार्थाला आकुंचित करते, म्हणून बर्फ हे दाट झालेले पाणी होय, असे ॲरिस्टॉटलच्या अनुयायांचे मत होते. गॅलिलिओने उलट विचारले : दाट झालेली वस्तू पाण्यावर तरंगेल कशी? त्याच्या मते बर्फ हे विरळ झालेले पाणी होते. प्रतिपक्षाने उत्तर दिले की बर्फाचा पत्रा रुंद व सपाट असतो, पाण्याचा विरोध भेदून तो खाली जाऊ शकत नाही. परंतु तोच पत्रा बळेच तळाशी नेऊन सोडला, तर पाणी भेदून तो वर येतोच. मग तो विरोध कोठे गेला?

येथे लोदोव्हिको देल्ले कोलोम्बे वादात उतरला. त्याने अबनूस लाकडाचा गोळा व पातळ चकती दाखविली. गोळा बुडे, चकती तरंगे. अर्थात आकारच कारण! हा आक्षेप किरकोळ नव्हता, हे मान्य केले पाहिजे. चकती भिजविली की बुडते, आणि कोरडी तरंगते तेव्हा ती पाण्याच्या पातळीखाली एका खळग्यात असते, हे गॅलिलिओने अचूक हेरले. चकती व खळग्यातील हवा मिळून हलकी ठरतात, हे त्याचे स्पष्टीकरण. खळग्याचा काठ कोण सावरून धरते हे मात्र त्याला नीट सांगता आले नाही. पृष्ठताणाची उपपत्ती यंग व लाप्लास यांनी १८०५ च्या सुमारास मांडली.

त्या शरदात ग्रँड ड्यूक दुसरा कोझिमो याच्या भोजनप्रसंगी हा वाद पुन्हा रंगला. कार्डिनल माफेओ बार्बेरिनी याने गॅलिलिओची बाजू घेतली. (हाच पुढे पोप आठवा अर्बन झाला आणि १६३३ चा खटला त्याच्याच कारकिर्दीत चालला.) १६१२ साली गॅलिलिओने आपला ग्रंथ लॅटिनमध्ये नव्हे, इटालियनमध्ये छापला. आमच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे असे की, त्याने आरंभीच ‘विशिष्ट भार’ या संज्ञेची व्याख्या केली. समान आकारमानाच्या वस्तूंचे वजन ताडावयाचे, ‘दाट’ व ‘विरळ’ या शब्दांवर विसंबावयाचे नाही.

बर्फ विरळ का, हे बर्नाल व फाउलर यांच्या १९३३ च्या निबंधानंतर उलगडू लागले. बर्फातील प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांशी हायड्रोजनबंधांनी जोडलेला असून त्यामुळे रचना पोकळ राहते. गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्के वाढते.

गॅलिलिओच्या व्याख्येची खरी कसोटी जड पाण्याच्या बर्फावर लागते. त्याचीही रचना तशीच पोकळ, म्हणून स्वतःच्या पाण्यावर तो तरंगतो. परंतु त्याची घनता सुमारे १.०२ असल्याने साध्या पाण्यात तो तळ गाठतो.