‘नेट चालत नाही’ या तक्रारीचा इतिहास

मी तालुक्याच्या गावातल्या एका कॉलेजात सिस्टम अ‍ॅडमिन आहे. प्रिंटरमध्ये कागद अडकला, कुणी पासवर्ड विसरलं, लॅबमधलं एखादं मशीन सुरूच होईना, की माझा फोन वाजतो. पण सगळ्यांत जास्त वेळा ऐकू येणारी तक्रार एकच : ‘सर, नेट चालत नाही.’ शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या शेवटच्या दिवशी हे ऐकलं की पोटात गोळा येतो. संध्याकाळपर्यंत अर्ज गेला नाही तर एखाद्या मुलीची फी कुठून भरायची, हा प्रश्न तिच्या घरात उभा राहणार असतो. आणि नेमकं तेव्हाच खिडकीपलीकडून ठरलेलं उत्तर येतं, ‘तुझंच काहीतरी चुकलं असेल.’

खरं तर या एका वाक्यात तीन वेगवेगळ्या तक्रारी असू शकतात. नाव सापडत नाही, पलीकडचं मशीन उत्तर देत नाही, किंवा उत्तर येतं पण फार हळू येतं. या तिन्ही तक्रारी जुन्या आहेत. कुणीतरी त्या खऱ्या मानून शोध घेतला, म्हणून आज तुमच्या हातातला फोन चालतो.

आधी नावाचं बघू. संगणक एकमेकांना आकड्यांनी ओळखतात. नावं असतात ती आपल्या सोयीसाठी. इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेटवर कोणत्या नावाचा आकडा कोणता, याची एकच यादी होती. कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कमध्ये, एसआरआय या संस्थेत, एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती सांभाळायचा. नवं मशीन जोडायचं असेल तर ऑफिसच्या वेळेत त्यांना फोन करायचा. मग ते नाव फाइलमध्ये चढायचं आणि बाकीचे लोक त्या फाइलची ताजी प्रत उतरवून घ्यायचे. मशीनं वाढली तशी फाइल फुगली. कुणाकडे नवी प्रत, कुणाकडे जुनी. नोव्हेंबर १९८३मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी यावर तोडगा मांडला : एकच मोठी यादी ठेवण्याऐवजी ज्याने त्याने आपापला भाग सांभाळायचा, आणि विचारणाऱ्याला पुढचा पत्ता सांगायचा. हीच डीएनएस. आपल्याकडच्या ‘.इन’ नावांचं काम पुढे बरीच वर्षं मुंबईत, जुहूच्या एनसीएसटी या संस्थेत चालायचं.

गंमत म्हणजे ती जुनी यादी अजून मेलेली नाही. प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये ‘होस्ट्स’ नावाची छोटी फाइल असते, आणि मशीन सहसा डीएनएसला विचारण्याआधी त्या फाइलवर विश्वास ठेवतं. आमच्याकडे अकाउंट्सच्या मॅडमना एक सरकारी साइट उघडेना. शेजारच्या टेबलावर उघडत होती, म्हणजे साइट ठीक, लाइनही ठीक. मॅडमना मात्र दोन दिवस सगळे सांगत होते, ‘तुम्ही पत्ता नीट टाईप करत नसाल.’ त्यांच्या मशीनची होस्ट्स फाइल उघडली, तर कुणीतरी कधीकाळी सोयीसाठी लिहून ठेवलेली एक ओळ सापडली. साइटचा सर्व्हर केव्हाच दुसरीकडे हलला होता आणि ती ओळ जुन्याच पत्त्यावर पाठवत होती. ओळ खोडली, साइट उघडली. मॅडम पहिल्यापासून बरोबरच टाईप करत होत्या.

दुसरी तक्रार, पलीकडून उत्तर न येण्याची. हीसुद्धा १९८३चीच गोष्ट. अमेरिकन लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत माइक मूस नावाचा प्रोग्रॅमर होता. डिसेंबरमध्ये तिथलं नेटवर्क विचित्र वागायला लागलं. मूसने एका संध्याकाळी बसून छोटा प्रोग्रॅम लिहिला. समोरच्या मशीनला इवलासा निरोप पाठवायचा, त्याने तो परत करायचा, आणि मध्ये किती वेळ गेला ते मोजायचं. पाणबुडीचा सोनार आवाज सोडून प्रतिध्वनीची वाट बघतो, तीच ही युक्ती. म्हणून त्याचं नाव पडलं ‘पिंग’. मूसनेच पुढे लिहून ठेवलंय, की पहिला पिंग सोडण्याआधीच नेटवर्कचं बिघडलेलं हार्डवेअर सापडलं आणि दुरुस्तही झालं. ज्या बिघाडासाठी प्रोग्रॅम लिहिला, त्याला त्याचा काही उपयोग झाला नाही. २०००मध्ये मूसचा मोटार अपघातात मृत्यू झाला. पिंग मात्र अजून जगभर रोज चालतो.

माझ्या कामात पिंगचा खरा उपयोग बिघाड ‘कुठे नाही’ हे कळण्यासाठी होतो. आधी आपल्याच राउटरला पिंग करायचं. उत्तर आलं, तर केबल आणि वायफाय संशयातून सुटले. मग सर्व्हिस देणाऱ्या कंपनीच्या पहिल्या टप्प्याला. तिथून उत्तर नाही, तर त्यांना फोन. राउटरच गप्प असेल, तर टॉर्च घ्यायचा आणि केबलच्या मागे मागे जायचं. आमच्याकडे पावसाळ्यात बहुतेक वेळा शेवटी उंदराने कुरतडलेला तुकडा सापडतो. काही सर्व्हर मुद्दाम पिंगला उत्तर देत नाहीत, तेवढं लक्षात ठेवायचं. गप्प बसलेला प्रत्येक जण मेलेला नसतो.

तिसरी तक्रार सगळ्यांत अवघड : ‘नेट स्लो आहे.’ ऑक्टोबर १९८६मध्ये कॅलिफोर्नियातली लॉरेन्स बर्कली लॅबोरेटरी आणि बर्कलीचं विद्यापीठ यांच्यातला वेग कोसळला. दोन्हींमध्ये अंतर होतं जेमतेम ४०० यार्डांचं. सेकंदाला ३२ हजार बिट्स जायचे, ते आले ४० बिट्सवर. ४० बिट्स म्हणजे सेकंदाला पाच इंग्रजी अक्षरं. हाताने कागद नेऊन दिला असता तर लवकर पोचला असता! आणि तुटलं तर काहीच नव्हतं.

लॅबोरेटरीतल्या व्हॅन जेकबसनने विद्यापीठाच्या माइक कॅरल्सच्या साथीने याचा छडा लावला. वाटेत गर्दी झाली की पोच यायला उशीर व्हायचा. पाठवणाऱ्या मशीनला वाटायचं, पाकीट हरवलं. ते पुन्हा तेच पाकीट पाठवायचं. सगळ्यांनीच असं केलं की गर्दी आणखी वाढायची. उशिरा आलेल्या एसटीच्या दारात सगळे एकदम घुसतात आणि कुणीच आत जात नाही, तसं. उपाय होता सबुरीचा : आधी थोडं पाठवा, पोच आली की वाढवत न्या, पाकीट हरवलं की ती गर्दीची खूण समजून हात आखडता घ्या. १९८८मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. तुमच्या फोनवरची बरीच डाउनलोड्स आजही याच कल्पनेच्या सुधारित रूपांवर चालतात.

शेवटच्या तारखेला मी मुलांना म्हणूनच सांगतो, ‘सबमिट’ दहा वेळा दाबू नका. आणि खिडकीवरच्या मंडळींना सांगतो, मुलांवर चिडू नका. १९८६मध्ये कुणा एका माणसाची चूक शोधत बसले असते, तर ती सापडली नसती. प्रत्येक मशीन आपल्या परीने नीटच वागत होतं.

पुढच्या वेळी ‘नेट चालत नाही’ म्हणून माझ्यासारख्या कुणाला फोन कराल, तेव्हा तीन गोष्टी बघून ठेवा. एकच साइट उघडत नाहीये की सगळ्याच? फक्त तुमच्याच मशीनवर की शेजारच्याकडेही? काहीच येत नाहीये की हळू येतंय? एवढं सांगितलंत तर आमचं निम्मं काम झालं. आणि तरीही कुणी ‘तुझंच चुकलं असेल’ म्हणालं, तर स्क्रीनचा फोटो काढून ठेवा. त्यात वेळ दिसू द्या. अर्जाची मुदत टळून गेल्यावर दाद मागायला तोच फोटो हाताशी असेल.