कवड्यांचे दशक

चाळीसगावजवळच्या पाटण येथे १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी काढलेल्या मठाच्या दानाची ती नोंद. त्यांपैकी 'लीलावती'त (११५०) गणेशवंदनेनंतर आधी शब्द येतात, उदाहरणे मागून: कवड्यांची दोन दशके म्हणजे एक काकिणी, चार काकिणींचा एक पण. वीस न म्हणता दोन दशके! (वृत्ताची सोयही असेल.)

आपण 'दशक' हे फळ्यावरच्या घराचे नाव म्हणून सांगतो. मग तेवीसमधला दोन मुलाला दोनच वाटतो. त्याऐवजी चिंचोक्यांचे दहा-दहाचे ढीग करू द्या. दोन ढिगांना एक खडा, म्हणजे काकिणी. चार खडे आधी जमवील त्याने पण जिंकला.